गायरानावरचा रनवे

शनिवारी सकाळी साडेसहाला कुणी फोन केला तर मी उचलत नाही. हा माझा नियम आहे आणि मला काम देणाऱ्या एडिटर मंडळींनाही तो आता पाठ झालाय. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी बरोब्बर साडेसहाला फोन वाजला आणि स्क्रीनवर नाव दिसलं, ‘देवळा मामा’. आता मामा कधीच फोन करत नाहीत. ते मिस्ड कॉल देतात, तोही मामीने चार वेळा सांगितल्यावर. म्हणजे नक्की काहीतरी झालंय, असं म्हणून मी ताडकन उठून बसले.

‘पोरी, तू पेपरात लिहितेस ना?’

‘हो मामा. काय झालं?’

‘आपलं ग्राउंड चाललंय.’

तर मंडळी, या ग्राउंडची ही गोष्ट. क्रिकेटचं ग्राउंड नाही, विमानांचं. दचकू नका, खेळण्यातल्या विमानांचं. (हे वाक्य मामांनी वाचलं तर माझं काही खरं नाही. ‘खेळणं नाही, मॉडेल म्हण’ हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.)

देवळा कुठे आलं, असं ऑफिसांत कुणी विचारलं की मी ‘नाशिकच्या पुढे’ म्हणून मोकळी होते. नीट सांगायचं तर नाशिकहून आग्रा हायवेने निघायचं, पिंपळगाव मागे टाकायचं, सोग्रस फाट्याला आत वळायचं आणि भावडबारीचा घाट उतरला की आलं देवळा. १९९९ साली तालुका झालेलं गाव. तुमच्या पावभाजीवरचा कांदा बहुतेक वेळा याच भागातून येतो. तालुक्यातलं उमराणे तर कांद्याच्या मार्केटसाठीच ओळखलं जातं. मामांचं गाव देवळ्यापासून थोडं आत आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण गावात सगळ्यांना सगळ्यांशी रोज बोलायचं असतं.

मामा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते. १९६४ साली मिग विमानं बनवायला उभा राहिलेला हा कारखाना. नंतर तिथे सुखोई आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकमध्येच बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए तिथून उडालं. त्या दिवशी मामांनी रिटायर झालेल्या सगळ्या दोस्तांना फोन केले म्हणे. चक्क फोन, मिस्ड कॉल नाही! आयुष्यभर खऱ्या विमानाच्या पत्र्याला हात लावलेला हा माणूस गावी परतला आणि शेतीत रमेल असं सगळ्यांना वाटलं. शेती माझ्या मामेभावाने, दादाने, आधीच ताब्यात घेतली होती. मग मामांनी थर्माकोल कापायला घेतला.

मॉडेल विमान म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-साडेचार फुटांचे पंख, वजन एखाद किलो. पुढे एक ब्रशलेस मोटर, तिला फिरवणारी लिथियम पॉलिमर बॅटरी आणि शेपटीची पानं हलवायला नऊ-नऊ ग्रॅमच्या इवल्याशा सर्वो मोटर्स. हातात रिमोट. एका चार्जिंगमध्ये आठ-दहा मिनिटं उडतं. बाहेरच्या देशांत पंख बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे करतात. आमच्याकडे पंख निवडणुकीतून येतात. खरंच! प्रचारासाठी ते प्लॅस्टिकचे पन्हळी बोर्ड असतात ना, सनपॅकचे? मतदान झालं की ते बोर्ड खांबांवर लोंबकळत राहतात. मामा आणि त्यांची पोरं ते गोळा करतात. हलके, पाण्याला न घाबरणारे आणि आपटले तरी न तुटणारे. त्यामुळे मामांच्या एका विमानाच्या डाव्या पंखावर एक उमेदवार हात जोडून उभा आहे आणि उजव्या पंखावर त्याचा कट्टर विरोधक. जमिनीवर या दोघांचं पटलं नाही, आकाशात मात्र युती. (महाराष्ट्रात हे अगदीच अशक्य नाही म्हणा.)

गावाबाहेर एक माळ आहे. मुरमाड, झाड नाही, विजेची तार नाही, वाऱ्याला अडवणारं काही नाही. सरकार दरबारी ते गायरान. मामांनी आणि पोरांनी त्यातले दगड वेचले, मुरूम चोपला आणि शंभर पावलं लांब, दहा पावलं रुंद अशी पट्टी तयार केली. चुन्याने मधली रेघ मारली. एका बांबूला जुन्या साडीचा तुकडा बांधून वाऱ्याची दिशा दाखवणारं मोजं केलं. झाला रनवे! दर रविवारी सकाळी तिथे आठ-दहा पोरं जमतात. त्यातल्या दोघी मुली आहेत. एकीला कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये जायचंय, कारण तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात आणि त्याच्या स्पर्धाही होतात हे तिला मामांनी सांगितलंय. गावात मामांना आता ‘इमानवाले आण्णा’ म्हणतात. आधी टिंगल म्हणून म्हणायचे, हल्ली पत्ता सांगताना म्हणतात.

आणि हे ग्राउंड चाललं होतं. कुठे? सोलरला.

मी पुढच्याच वीकेंडला बॅग भरून निघाले. डोक्यात हेडलाइन तयार होती. ‘चिमुकल्यांच्या पंखांवर विकासाचा घाला’ वगैरे. मास कॉममध्ये आम्हाला शिकवलं होतं की चांगल्या स्टोरीला एक व्हिलन लागतो. तो इथे आयता मिळाला होता. एखादी मोठी कंपनी, सुटाबुटातले साहेब, भोळं गाव... सॉलिड स्टोरी!

घरी पोचले तर व्हिलन चुलीपाशी बसून शेवभाजी खात होता. माझा दादा.

‘ये ताई,’ तो म्हणाला. ‘बापाची बाजू घ्यायला आलीस ना? घे. पण रात्री माझ्यासोबत शेतात चल आधी.’

मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि बापलेकाच्या मधल्या रिकाम्या पाटाकडे बोट दाखवलं. गेले पंधरा दिवस दोघं जेवायला एकत्र बसत नव्हते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रात्री एक वाजता दादाने हाक मारली. थंडी म्हणजे दात वाजत होते. उन्हाळी कांद्याची लागवड झाली होती आणि त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. लाइट आली की मोटर चालू करायची, पाणी वाफ्यावाफ्यातून फिरवायचं, एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून दार बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. पाय घोट्यापर्यंत गार चिखलात. हातात बॅटरी, खांद्यावर घोंगडी. दादा मध्येच थांबायचा आणि बॅटरीचा झोत उसाच्या कडेने फिरवायचा. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, ‘डोळे.’

बिबट्याचे. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. उसात बिबटे राहतात आणि रात्री पाणी भरणारा माणूस त्यांच्या वाटेत येतो. दादाने मोबाइलवर गाणी लावली होती. मला वाटलं टाइमपास. तो म्हणाला, ‘आवाज असला की जनावर लांब राहतं.’ पहाटे चारला आम्ही घरी आलो. आमच्या ऑफिसांत नाइट शिफ्टला कॅब असते, कॉफी मशीन असतं आणि एचआरची एक पॉलिसी असते. इथे शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं होतं फक्त.

‘आता सांग,’ दादा म्हणाला, ‘दिवसाची लाइट पाहिजे का इमान?’

माझी हेडलाइन तिथेच चिखलात रुतली.

प्रकरण असं होतं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. विजेच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्यातून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. त्यासाठी जमीन लागते. एक मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. खासगी जमीन भाड्याने घेतात, नाहीतर सरकारी पडीक जमीन वापरतात. गावात प्रकल्प आला तर ग्रामपंचायतीला दरवर्षी पाच लाख असे तीन वर्षं प्रोत्साहनाचे पैसे मिळतात. आता सांगा, उपकेंद्राजवळ सपाट, झाड नसलेली, तार नसलेली, दिवसभर ऊन खाणारी जागा गावात कुठली? बरोबर. विमानाला जी जागा आवडते तीच सोलरलाही आवडते.

दुसऱ्या दिवशी मी मामांसोबत माळावर गेले. पोरं विमान उडवत होती. मी मुद्दाम वकिली केली. म्हटलं, ‘मामा, तुमची पट्टी केवढी? पाच-सहा गुंठे. एवढी बाजूला सोडा म्हणावं, बाकी सोलरला घ्या. भांडण कशाला?’

मामा हसले. त्यांनी एका बारक्याच्या हातातून रिमोट घेतला आणि विमान उतरवून दाखवलं. आधी ते वाऱ्याच्या दिशेने लांब गेलं, मग मोठं वळण घेऊन वाऱ्याच्या तोंडाशी आलं, मग हळूहळू उंची सोडत, हळूहळू वेग सोडत पट्टीवर टेकलं. ‘बघितलं? जमीन पाच गुंठेच लागते. पण हे वळण बघ. या बाजूला, त्या बाजूला, मागे. आकाश वीस एकराचं लागतं. खाली काचा असल्या आणि नवशिक्या पोराचं विमान पडलं तर? विमान किलोचं असलं तरी वरून येतं.’

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, झाडांची असते. आकाशाचा रकाना नसतो. मामांचं सगळं दुखणं एवढ्यात होतं. आणि खरं सांगायचं तर त्या पाच गुंठ्यांवरही त्यांचा काही हक्क नव्हता. कुणी परवानगी दिली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती.

रात्री झोप येईना. मग मी माझं काम केलं, म्हणजे लॅपटॉप उघडला. म्हटलं, मैदानं जातात तेव्हा लोक काय करतात?

पहिली गोष्ट कळली ती कायद्याची. मामांना भीती होती की विमान उडवणंच बेकायदा आहे आणि आवाज केला तर पोलीस सगळं उचलून नेतील. ही भीती उगाच नव्हती. मुंबईत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोनपासून रिमोटच्या छोट्या विमानांपर्यंत सगळ्यांवर बंदी घालतात. २०१४ मध्ये तर डीजीसीएने सरसकट नोटीसच काढली होती की नियम होईपर्यंत सामान्य माणसाने असं काही उडवू नये. पण २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले आणि चित्र बरंच बदललं. त्यात मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. शिक्षणासाठी, प्रयोगासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं, २५ किलोपर्यंतचं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा आधी ४५ किलोमीटरचा होता, तो १२ किलोमीटरवर आला. म्हणजे बॉस, मामा गुन्हेगार नव्हते! त्यांना फक्त जागा नव्हती. नियमाने आकाश मोकळं केलं होतं, उभं राहायला जमीन मात्र ज्याची त्याने शोधायची.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. तिथे मॉडेलवाल्यांची संघटना १९३६ पासून आहे. ड्रोन वाढले तसा तिथे नियम आला की उडणाऱ्या प्रत्येक यंत्राने स्वतःची ओळख रेडिओवरून सांगत राहिलं पाहिजे, आणि मार्च २०२४ पासून तो कडकपणे लागू झाला. आता हातांनी बनवलेल्या लाकडी विमानात हे यंत्र कुठे बसवणार? मग क्लबांनी आपापली मैदानं सरकारकडे नोंदवली. नोंदवलेल्या मैदानाच्या हद्दीत त्या यंत्राशिवाय उडवता येतं. म्हणजे हौस वाचली ती कुणाच्या प्रेमामुळे नाही, कागदावर नाव असल्यामुळे.

तिसरी गोष्ट आपल्या घरची, आणि ती वाचून मी उठून बसले. जुहूचा विमानतळ १९२८ चा. जेआरडी टाटांनी १९२९ मध्ये पायलटचं लायसन्स मिळवलं आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन याच जुहूला उतरले. इथवर आपल्याला क्विझमुळे माहीत असतं. पण जुहूची ती जागा म्हणजे समुद्राकाठचा सखल चिखल. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं. मग देशातली ही पहिली एअरलाइन दर पावसाळ्यात बोजाबिस्तरा गुंडाळायची, विमानं, पायलट, मेकॅनिक सगळं घेऊन पुण्याला जायची आणि येरवडा जेलच्या शेजारच्या एका मैदानावरून उडायची. पावसाळा संपला की परत जुहू.

आणि जुहूच्याच बॉम्बे फ्लाइंग क्लबचं ट्रेनिंग आता कुठे चालतं? धुळ्याला! आमच्या देवळ्याच्या जवळजवळ शेजारी. मुंबईच्या आकाशात शिकाऊ पायलटला जागा उरली नाही, म्हणून उडणं शिकायला माणसं खान्देशात येतात. पुण्यात हडपसरला विंचने ओढून ग्लायडर वर सोडायचे, त्याच्याभोवतीही शहर येऊन बसलं. उडणाऱ्यांना कायम सरकावं लागलंय. प्रश्न एवढाच असतो की सरकवणारा पुढची जागा दाखवतो की नाही.

सकाळी चहाबरोबर मी मामांना ही जुहूची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘टाटांनी पण?’

‘टाटांनी पण.’

अंगणात ती एनसीसीवाली मुलगी बॅटरी चार्जिंगला लावायला आली होती. ती सहज म्हणाली, ‘आण्णा, मग पाझर तलाव?’

गावाच्या पलीकडे एक पाझर तलाव आहे. पावसाळ्यात भरतो, हिवाळाभर उतरत जातो आणि मार्चनंतर त्याचं पोट कोरडं पडतं. सपाट, भेगाळलेली माती. भोवती बांध आणि त्याच्या बाहेर माळ. तार नाही. तिथे सोलर येऊ शकत नाही, कारण पावसाळ्यात ते बुडेल. शेती होत नाही त्याच कारणाने. म्हणजे ही एकच जागा अशी होती जी दुसऱ्या कुणालाच नको होती.

‘आणि पावसाळ्यात? पाणी असताना?’ मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जशी शिक्षक ढ विद्यार्थ्याकडे बघतात. ‘पाण्यावरून उडणारी विमानं असतात, पोरी. चाकं काढायची, होड्या लावायच्या.’

हा माणूस गेले पंधरा दिवस जेवत नव्हता नीट. त्या दिवशी दुपारी त्याने जुन्या वहीच्या मागच्या पानावर होडीचं चित्र काढलं आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पण मी इथे थांबले असते तर स्टोरी फारच गोड झाली असती. खरी गंमत पुढे आहे. मामा तलावाला तयार झाले होते, पण मी अडून बसले. म्हटलं, असंच नाही जायचं. माळावरही तुम्ही असंच गेला होतात, कुणाला न विचारता. उद्या तलावाचा गाळ काढायचं काम निघालं किंवा मासेमारीचा ठेका दिला की पुन्हा तेच. या वेळी कागद करायचा.

२६ जानेवारीची ग्रामसभा. मी पहिल्यांदाच ग्रामसभा बघत होते. कायद्याने कोरमला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. एरवी ती जमवताना भाऊसाहेबांना घाम फुटतो म्हणे. या वेळी सोलरचा विषय असल्याने शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. सोलरच्या बाजूने बोलायला दादा उठला. त्याने रात्रीच्या पाण्याचं सांगितलं. कुणालाच नवीन नव्हतं, तरी सगळे ऐकत होते. मग कुणीतरी मागून ओरडलं, ‘आण्णा, तुमचं इमान आडवं येतंय ना?’ हशा पिकला.

मामा उठले. मला वाटलं आता भाषण. ते एवढंच म्हणाले, ‘माळ सोलरला द्या. माझा पोरगा रात्री दोन वाजता शेतात असतो तेव्हा मी पण जागाच असतो. पण या पोरांना कोरड्या तलावात उडवायला गावाची हरकत नाही, एवढं लिहून द्या. तोंडी नको.’

पटांगण दोन मिनिटं गप्प झालं. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते रास्त होते. गुरं बुजली तर? उत्तर: रविवारी सकाळी सात ते नऊ, तेव्हा गुरं तलावावर येत नाहीत. कुणाच्या डोक्यात पडलं तर? उत्तर: बघे बांधावर उभे राहतील, विमान बांधाच्या आत उडेल. पोलिसांचं काय? उत्तर: पोलीस स्टेशनला अर्ज देऊन ठेवू. पाणी प्यायच्या वेळी तेल सांडलं तर? उत्तर: तेलाची इंजिनं नाहीतच, सगळी बॅटरीवर. ही उत्तरं मामांनी नाही दिली. ती एनसीसीवाली मुलगी देत होती. माइक नव्हता, पण तिला तो लागतही नव्हता. एका आजींनी विचारलं, ‘आणि पोरी पण उडवतात का गं?’ ती म्हणाली, ‘मीच उडवते आजी. तुम्ही या ना रविवारी.’

ठराव झाला. हरकत नाही, एवढाच. मालकी नाही, हक्क नाही, कायमचं काही नाही. तलाव ज्या खात्याचा आहे त्यांची परवानगी वेगळी मागावी लागेल, त्याचा अर्ज मीच टाइप करून दिला. माळाच्या जागेचा निर्णयही शेवटी वरच व्हायचाय. पॅनल अजून आलेले नाहीत. सरकारी कामाचा वेग तुम्हाला माहीत आहे. कदाचित अजून एखादं वर्ष मामांचा रनवे माळावरच राहील. पण ठरावाची नक्कल मामांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. मामी म्हणतात, रोज उदबत्ती मिळते त्या कागदाला.

आता तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? आम्ही कुठे विमानं उडवतो?

संबंध आहे ना. तुम्ही रविवारी सकाळी ज्या मैदानावर फुटबॉल खेळता, ते कुणाचं आहे हे तुम्हाला माहीत आहे का? ज्या टेकडीवर धावायला जाता, तिच्यावर काय आरक्षण आहे? सोसायटीच्या मागच्या ज्या मोकळ्या तुकड्यात पोरं बॅडमिंटन खेळतात, तो प्लॅनवर पार्किंग म्हणून दाखवलाय का? मला माझ्या इथलं माहीत नव्हतं. परत आल्यावर मी पहिल्यांदा वॉर्डाचा विकास आराखडा बघितला. आपण मैदान वापरतो, त्याचे फोटो टाकतो, त्यावर प्रेम करतो. त्याचा कागद मात्र बघत नाही. आणि एक दिवस पत्रे लागतात तेव्हा बॅनर घेऊन उभे राहतो.

बॅनर वाईट नाहीच. कधी कधी तोच लागतो. पण मामांनी मला दुसरी एक गोष्ट शिकवली जी मास कॉमच्या कुठल्या लेक्चरला नव्हती. समोरचा माणूस दरवेळी व्हिलन नसतो. कधी तो रात्री दोन वाजता चिखलात उभा असलेला आपल्याच घरातला माणूस असतो आणि त्याचं बरोबरही असतं. अशा वेळी आपलं मैदान वाचवायचं म्हणजे आपल्याला नेमकं काय वाचवायचंय ते आधी ठरवायचं. मामांना माळ वाचवायचा नव्हता. त्यांना रविवार सकाळ वाचवायची होती.

निघताना दादा मला स्टँडवर सोडायला आला. बाइकवर गप्प होता. एसटी लागली तेव्हा म्हणाला, ‘बाबांना सांग, ते होडीचं काय ते... मी आणतो थर्माकोल नाशिकहून. मार्केटला जातोच आहे.’

‘तूच सांग की.’

‘तू सांग.’

मी सांगितलं नाही. मामीला मिस्ड कॉल दिला फक्त.

ता. क. : परवा मामांचा फोटो आला. बादलीभर पाण्यात एक विमान तरंगतंय. दोन्ही पंखांवरचे उमेदवार हात जोडून उभे. खाली मामांनी टाइप केलंय, ‘दोघे बुडाले नाहीत.’